ताई, नाव कापायचं नाही

ताई, सकाळचे सात वाजले की अलका अजूनही तुझ्या खोलीचं दार अर्धं ओढून घेते. तुला जाऊन आज बेचाळीस दिवस झाले. खोलीत कोणी नाही, अंथरुणाची घडी झालीय, तुझी चाकाची खुर्ची भिंतीला टेकून ठेवलीय, तरी तिचा हात सातला आपोआप दाराकडे जातो. मी पेपर खाली ठेवतो. मग आम्ही दोघं भोपाळच्या नेहरू नगरातल्या या घरात सात ते सव्वासात काही न बोलता चहा पितो, कारण सव्वीस वर्षं त्या वेळेला इथे मोठ्याने बोलायची बंदी होती. तुझी हजेरी चालू असायची.

काल एक गोष्ट झाली, ती सांगायला बसलोय. पण ती शेवटी सांगणार. तू शाळेत मुलींना आधी उत्तर लिहू द्यायची नाहीस. पायऱ्या दाखवा, मग उत्तर, नाहीतर गुण अर्धे. आता तू ऐक पायऱ्या. आणि हे कागदावर लिहितोय म्हणजे तुझ्या शाळेतली कोणीतरी वाचणारच, तेव्हा तुला माहीत असलेलंही, अलका माझी बायको इथपासून, नीट सांगावं लागेल.

तुझी मोपेड कोटऱ्याच्या उतारावर खडीवरून घसरली तेव्हा तू छत्तीस वर्षांची होतीस. मुलींच्या सरकारी शाळेत गणित शिकवत होतीस. पाठीचा कणा बरगड्यांच्या खाली मोडला. हात शाबूत राहिले, कमरेखालचं हलणं गेलं आणि जाणवणंही गेलं. दवाखान्यातून घरी आलीस त्याच्या दुसऱ्या दिवसापासून तू सकाळी सातला डोळे मिटून पायांना हुकूम द्यायला लागलीस. "उजवा अंगठा," म्हणायचीस. मग थांबायचीस, वर्गातल्या मुलीला 'उपस्थित' म्हणायला जेवढा वेळ लागतो तेवढाच. मग "उजवं दुसरं". अशी दहा बोटं, दोन घोटे, दोन गुडघे. चौदा नावं व्हायची आणि उत्तर कोणाचंच यायचं नाही. शेवटचं नाव झालं की डोळे उघडून म्हणायचीस, "अलका, चहा."

हे सुरू होऊन आठेक महिने झाले होते. मी तेव्हा मेडिकल कॉलेजच्या लॅबमध्ये टेक्निशियन होतो. शरीराचे लहान तुकडे मेणात बसवायचे, यंत्रावर त्यांचे कागदाहून पातळ काप काढायचे, ते काचेवर चढवून रंगवायचे, हे माझं काम. लॅबच्या कपाटात एक जुनं जाड पुस्तक होतं. त्यात मी तुझ्या दुखण्याबद्दल वाचलं. मेंदूच्या अगदी माथ्यावर, दोन अर्ध्यांच्या मधल्या फटीत, पायांची जागा असते. तिथे मोठ्या त्रिकोणी पेशी असतात. प्रत्येकीतून एक धागा निघतो आणि कण्यातून थेट कमरेपर्यंत उतरतो. पेशी डोळ्यांना दिसायची नाही, आणि धागा दीड हात लांब. तुझ्या कण्याला मार बसला तेव्हा हे धागे वाटेतच तुटले. आणि धागा तुटला की त्याची वरची पेशी आधी सुजते, मग आकसते, आणि पुष्कळशा मरून जातात, असं त्या पुस्तकात होतं. मी एवढी चार पानं वाचली आणि मला वाटलं, आपल्याला सगळं कळलं.

मग एका सकाळी तू हाक मारलीस. "मन्या, जरा डाव्या अंगठ्याकडे बघ. मला वाटतं हलला."

मी कामावर निघालो होतो, एका पायात बूट चढवलेला. आलो, पाहिलं. नव्हता हलला. "परत बघ," म्हणालीस. परत पाहिलं. तिसऱ्यांदा म्हणालीस तेव्हा माझा तोल गेला.

"ताई, बस कर ना यार आता. त्या पेशी मेल्यात. वर मेंदूतच मेल्यात. तू रोज मेलेल्या पोरींची हजेरी घेतेयस."

स्वयंपाकघरातला आवाज बंद झाला. अलका दारात येऊन उभी राहिली. तू डोळे उघडले नाहीस. तसंच विचारलंस, "तू पाहिल्यास?"

"काय?"

"मेलेल्या. आपल्या डोळ्यांनी पाहिल्यास?"

"पुस्तकात आहे."

"म्हणजे पाहिल्या नाहीस," तू म्हणालीस, आणि पुढे चालू केलंस. "डावं दुसरं."

मी दुसरा बूट घातला आणि कामावर गेलो. संध्याकाळी तू माझ्याशी नेहमीसारखी बोललीस. भाऊबीजेला ओवाळलंस, पुढे दर वर्षी ओवाळलंस. ते वाक्य मी मागे घेतलं नाही. आधी वाटायचं, खरंच तर आहे, मागे काय घ्यायचं. मग वाटायला लागलं, इतक्या दिवसांनी विषय कसा काढायचा. पुढे पुढे ते घरातल्या नको त्या जागी ठेवलेल्या कपाटासारखं झालं. वळसा घालून जायची सवय लागली.

खरं सांगू का, माझा राग तुझ्या पायांवर होता. टी. टी. नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये आपण वाढलो. बाबा नागपूरहून सचिवालयाच्या नोकरीबरोबर इथे आले, आणि तू त्या क्वार्टरांच्या रांगेतली सगळ्यात वांड मुलगी होतीस. कंपाउंडच्या भिंतीवरून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत जायचीस आणि खालून सगळी पोरं पावलं मोजायची. मला सायकल तू शिकवलीस. सीट धरून मागे धावायचीस. एकदा बाजारापर्यंत गेल्यावर मी बाजूला पाहिलं तर तू सीट सोडून माझ्या बरोबरीने नुसतीच धावत होतीस, चपला हातात घेऊन. मी तिथेच पडलो. त्या पायांनी मला आयुष्यात पहिल्यांदा फसवलं ते पडून राहून, आणि ते मला सहन होत नव्हतं. तुला होत होतं.

तू एकदाच मला हजेरीचं कारण सांगितलंस. मीच विचारलं होतं, पुष्कळ वर्षांनी, चिडून नाही. म्हटलं, "ताई, तुला अजून वाटतं का चालशील म्हणून?" तू हसलीस. "चालणार नाही हे मला तुझ्याआधी कळलंय, मन्या. फालतू बात नको करूस. पण रोज विचारायचं. विचारलं नाही तर त्यांना वाटेल शाळाच बंद झाली." मी मान हलवली. मला तेव्हा काहीही समजलं नव्हतं.

तुझी स्वतःची शाळा मात्र तू अपघातानंतर अकराव्या महिन्यात पुन्हा सुरू केलीस. त्या दिवशी तुला सोडायला मी आलो होतो. प्राचार्य सज्जन माणूस, तुझ्या भल्यासाठीच म्हणाले, "मैडम, अब आप ऑफ़िस का काम देख लीजिए, आराम रहेगा." तू म्हणालीस, "सर, मेरी क्लास नीचे कर दीजिए और बोर्ड दो फुट नीचे कर दीजिए. बाक़ी मैं देख लूँगी." बोर्ड खाली आला. मग मागच्या बाकांवरच्या मुलींना दिसेना. तू मागचे बाक विटांवर चढवून घेतलेस, सगळ्यात मागचा सगळ्यात उंच. आपल्या भोपाळात पायऱ्यांचा वर्ग असलेली सरकारी शाळा बहुधा तेवढीच. खुर्ची न विचारता कोणी ढकलायची नाही हा तुझा पहिला नियम आणि उत्तराआधी पायऱ्या हा दुसरा. तू प्राचार्य होऊन निवृत्त झालीस तेव्हाही बाक विटांवरच होते. मी लॅबमध्ये लोकांना सांगायचो, माझी बहीण प्रिन्सिपल आहे. खुर्चीचं कधी सांगायचो नाही. ते सांगितलं की लोक आधी खुर्चीचंच विचारायचे आणि मला तुझ्या गणिताचं सांगायचं असायचं.

आणि तो एम. पी. नगरचा कोचिंगवाला. तू निवृत्त झाल्यावर महिन्याभरात दारात हजर. क्लास दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. तो म्हणाला, "मैडम, दो आदमी लगा देंगे, कुर्सी समेत ऊपर उठा लेंगे." तू त्याला चहा दिलास आणि म्हणालीस, "बेटा, मैं अलमारी नहीं हूँ. क्लास नीचे ले आइए." आठ दिवसांनी त्याने खालचं झेरॉक्सचं दुकान रिकामं करून घेतलं आणि तुला न्यायला गाडी पाठवली. त्या दिवशी अलकाने शिरा केला होता. तुझ्यापेक्षा जास्त मीच खाल्ला.

माझीसुद्धा शाळा तूच लावून दिलीस. बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला मी आपटलो तेव्हा बाबा बोलेनासे झाले होते. तू त्यांना म्हणालीस, "याच्या हातच्या नारळाच्या वड्या बघितल्यात? एक लहान नाही, एक मोठी नाही. याला हाताचं काम द्या." लॅब टेक्निशियनच्या डिप्लोमाचा फॉर्म तूच आणलास, तूच भरलास. पस्तीस वर्षं मी त्या वड्यांवर पोट भरलं. हे तुला कधी म्हटलं नाही.

आपल्या भांडणाला नवीन खतपाणी मिळालं ते शुक्ला मॅडममुळे. त्या आता ऍनाटॉमीच्या विभागप्रमुख आहेत, पण विद्यार्थिनी असताना स्लाइड कशी बघायची ते माझ्याकडे शिकल्या. दहा-बारा वर्षांपूर्वी त्या आपल्याकडे पोहे खायला आल्या आणि तू त्यांची तोंडी परीक्षा घेतलीस.

"मैडम, सीधा बताइए. धागा कटने के बाद ऊपर वाली मरती हैं कि नहीं?"

मॅडम म्हणाल्या, "दीदी, पहले मानते थे कि बहुत-सी मर जाती हैं. अब ज़्यादातर लोग मानते हैं कि ज़्यादातर बची रहती हैं. छोटी हो जाती हैं, धागा कटी जगह से थोड़ा पीछे हट जाता है, पर सेल अपनी जगह बैठी रहती है."

मग त्यांनी बशीत पोह्यांचे ढीग करून समजावून सांगितलं. धागा तुटल्यावर थोडे दिवस ती पेशी जन्माआधी असते तशी होते, पुन्हा वाढायचं मनावर घेते, पण खाली कोणी भेटत नाही आणि मग ती खटपट सोडते. काही पेशी तुटल्या जागेच्या वरच बारीक फांद्या काढून शेजारणींशी ओळख करून घेतात. रिकाम्या पडलेल्या जागेत हातांचे शेजारी थोडे पाय पसरतात. आणि पाय न हलणाऱ्या माणसाला मशीनमध्ये झोपवून पाय हलव म्हटलं, तर कित्येकांच्या मेंदूत पायांच्या जागी अजून हालचाल दिसते. प्रत्येकात दिसेलच असं नाही, आणि त्याचा अर्थ काय यावर अजून वाद आहेत, असंही त्या म्हणाल्या.

तू माझ्याकडे पाहिलंस. मी पोह्यांकडे पाहिलं. 'मी चुकलो' हे दोन शब्द म्हणायला ती वेळ अगदी चांगली होती. मी म्हटलं, "म्हणजे प्रत्येकात तसंच असेल असं नाही."

"बरोबर," तू म्हणालीस. "मग माझा फोटो काढा."

पण ते मशीन चुंबकाचं, तुझ्या पाठीत जुन्या काळच्या लोखंडी सळया होत्या, आणि मशीनवाल्यांनी हात जोडले. तू तीन ठिकाणी विचारून पाहिलंस. शेवटी म्हणालीस, "ठीक आहे. जिवंतपणी दिसत नाही तर मेल्यावर बघू." मी म्हटलं, "काय बोलतेस." तू देहदानाचा फॉर्म मागवलास. त्याला जोडून आपल्या सुंदर अक्षरात एक कागद लिहिलास, शुक्ला मॅडमनी तो कॉलेजकडून रीतसर मंजूर करून घेतला. त्यात असं होतं, की मेंदूचे काप माझा भाऊ मनोहर याने काढावेत, दुसऱ्या कोणी नाही. पायांच्या जागेत त्याला जे दिसेल ते त्याने खरं सांगावं. मला वाईट वाटेल म्हणून खोटं बोलू नये, कारण तेव्हा मला वाईट वाटायची सोय नसेल.

शेवटचं दुखणं चारच दिवसांचं झालं. छातीत कफ भरला आणि उतरेना. चौथ्या दिवशी सकाळी वॉर्डातल्या घड्याळात सात वाजले आणि मास्कखाली तुझे ओठ हलायला लागले. आवाज नव्हता, पण मला पाठ होतं. उजवा अंगठा, दुसरं, तिसरं, चौथं, करंगळी. मग तू थांबलीस. मास्क जरा बाजूला करून म्हणालीस, "दमले रे. पुढची तू घे."

पुढचं नाव डाव्या अंगठ्याचं होतं. मी म्हटलं, "आराम कर, ताई. उद्या घेऊ." तू दुपारी गेलीस.

मेंदू काढायचा तर फार वेळ घालवून चालत नाही. मॅडमचा फोन आला, गाडी पाठवू का. त्याच वेळी नागपूरहून काकांचा फोन. काका नव्वदीला आलेत, पण आवाज खणखणीत. "मनोहर, देह देऊन टाकलास तर नर्मदेत काय सोडशील? अस्थी तरी नकोत?" आणि ताई, मी काकांचंच धरून बसलो. अलकाला म्हटलं, काका म्हणतात तेही बरोबर आहे, घाटावरच नेऊ या, मॅडमना मी समजावतो. मी जन्मात कधी एकादशी केलेली नाही आणि एकाएकी मला अस्थींची काळजी पडली.

अलका सव्वीस वर्षं तुझी भावजय कमी आणि मैत्रीण जास्त होती. ती शांतपणे म्हणाली, "तुम्हाला नर्मदेचं पडलेलं नाही. तुम्हाला त्या काचेखाली बघायची भीती वाटतेय."

खरं होतं. त्या पेशी मेलेल्या निघाल्या असत्या तर तू सव्वीस वर्षं रिकाम्या वर्गाची हजेरी घेतलीस असं झालं असतं, आणि ते मला बघवलं नसतं. जिवंत निघाल्या असत्या तर मी तुला त्या सकाळी जे म्हणालो ते नुसतं कडू नव्हतं, खोटंही होतं. दोन्हीकडून मीच सापडत होतो. मी म्हटलं, "नको ना, अलका." ती म्हणाली, "ताईंनी सही केलीय," आणि माझ्या हातातून फोन घेऊन मॅडमना म्हणाली, "भेज दीजिए गाड़ी."

काकांना तिनेच सांगितलं. काका म्हणाले, "सुनंदा आयुष्यभर माझं ऐकत नव्हती, आता काय ऐकणार. तेराव्याला तिच्या फोटोपुढे दही-भात ठेवा."

तेराव्याला घरात बसायला जागा नव्हती. तुझ्या शाळेतल्या मुली आल्या होत्या, कोणी चाळिशीच्या, कोणाच्या मुली कॉलेजात. बाहेर सावलीत सतरंजी घालावी लागली. त्यांत एक नसीम होती. जिल्हा रुग्णालयात नर्स आहे. ती फोटोपुढे बराच वेळ बसून राहिली, मग माझ्याजवळ येऊन म्हणाली, "भैया, मैडम ने मेरा नाम नहीं काटा था."

मला कळलं नाही. तेव्हा तिने सांगितलं. ती आठवीत असताना तिची आई आजारी पडली आणि ती आठ महिने शाळेत आली नाही. एवढे दिवस गैरहजर राहिलं की लाल शाईने नाव कापायचं, सगळेच वर्गशिक्षक कापायचे. तू कापलं नाहीस. नुसतं ठेवलंही नाहीस. रोज सकाळी इतर मुलींबरोबर तिचं नाव पुकारायचीस, थांबायचीस, आणि पुढे जायचीस. मुली हसायच्या, तरी पुकारायचीस.

"आठ महीने बाद मैं गई तो हिम्मत नहीं हो रही थी," नसीम म्हणाली. "दरवाज़े के बाहर खड़ी थी कि लौट जाऊँ. अंदर से मैडम की आवाज़ आई, नसीम बानो. मेरे मुँह से अपने आप निकल गया, उपस्थित."

मी विचारलं, ही कधीची गोष्ट. ती म्हणाली, मॅडमच्या ऍक्सिडेंटच्या आदल्या वर्षीची.

मी उठून मागच्या अंगणात गेलो आणि नळ सोडून तोंड धुतलं. शाळाच बंद झाली असं त्यांना वाटेल, हे तू म्हणाली होतीस त्याचा अर्थ मला तिथे नळाजवळ कळला. तू पायांकडून उत्तराची वाट बघतच नव्हतीस. तू दाराबाहेर कोणी उभं असेल तर तिला आवाज जावा एवढंच बघत होतीस. ताई, माझं डोकं लहानपणापासून मंद आहे, तू म्हणायचीस ते बरोबर आहे. पण एवढा अभिमान मला कधी वाटला नव्हता. तू प्राचार्य झालीस त्या दिवशीही नाही.

तुझा मेंदू महिनाभर औषधात मुरत ठेवला होता. मग मॅडमनी मला बोलावलं. मला निवृत्त होऊन सहा महिने झालेत, पण माझं जुनं टेबल खिडकीखाली तसंच आहे. पहिल्या दिवशी मी हात धुऊन नुसताच बसून राहिलो. मॅडम म्हणाल्या, "मनोहर जी, मैं किसी और को कह दूँ?" मी म्हटलं, "नहीं मैडम. लिख के गई है." मग मी माथ्यावरच्या फटीतला तो भाग घेतला, नखाएवढा. मेणात बसवला. यंत्राचं पातं नवीन लावलं. हात अजिबात हलला नाही, ताई. एकामागून एक काप उतरत गेले, एकही फाटला नाही, एक जाड नाही, एक पातळ नाही. आईने त्या वड्या पाहिल्या असत्या तर खूश झाली असती.

काल सकाळी रंगवलेली स्लाइड मी सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली. डाव्या पायाची जागा उजव्या अर्ध्यात असते, म्हणून आधी उजवी बाजू घेतली. लहान पेशींच्या गर्दीतून हळूहळू खाली सरकत, त्या मोठ्या पेशी जिथे असतात त्या पाचव्या थरापाशी आलो आणि तिथे हात थांबला.

त्या बसलेल्या होत्या.

मोठ्या, त्रिकोणी, निळ्या-जांभळ्या. प्रत्येकीच्या मधोमध गोल घर स्वच्छ, आत ठिपका स्वच्छ. दुसऱ्या माणसांच्या जुन्या स्लाइड कपाटातून काढून मी शेजारी लावून पाहिल्या. तुझ्या थोड्या बारीक आहेत. शेवटी तूही बारीक झाली होतीस. मध्ये कुठे एखादी जागा रिकामी असेल, सव्वीस वर्षांत कोण कुठे गेलं ते मला सांगता येणार नाही. पण वर्ग भरलेला आहे. मी डावी बाजू पाहिली, परत उजवी पाहिली. तू म्हणायचीस तसं तिसऱ्यांदाही पाहिलं, आणि या वेळी माझा तोल गेला नाही.

मॅडमनी पाहिलं. त्या बराच वेळ भिंगातून डोळा काढेनात. मग म्हणाल्या, एका माणसावरून शास्त्र होत नाही, हे लक्षात ठेवायचं. मी म्हटलं, माहीत आहे. तू रोज पुकारत होतीस म्हणून त्या राहिल्या, असंही मला म्हणता येणार नाही. न पुकारता कदाचित राहिल्याच असत्या. आणि तू नाव घेतल्यावर त्या आत खरंच उठून उत्तर द्यायच्या का, हे स्लाइड सांगत नाही. तू म्हणशील, द्यायच्याच. मी म्हणेन, पुरावा दाखव. हे भांडण आपलं राहिलंच, ते तसंच राहू दे. मला त्याची सवय आहे.

पण दुसरं एक राहिलं होतं. मॅडम बाहेर गेल्यावर मी सवयीने पेशी मोजायला घेतल्या आणि मध्येच मोजणी सोडून दिली. कोणती पेशी कोणत्या बोटाची ते जगात कोणालाच सांगता येत नाही, तरी तू थांबली होतीस तिथून मी पुढे सुरू केलं. डावा अंगठा. डावं दुसरं. तिसरं. प्रत्येक नावानंतर तू थांबायचीस तेवढंच थांबलो. लॅबमधली पोरं माझ्याकडे बघत होती. मॅडम परत आल्या आणि दारातूनच म्हणाल्या, "मनोहर जी, किससे बात कर रहे हैं?"

मी म्हटलं, "एक मिनट, मैडम. दोन गुडघे राहिलेत." मराठीतच म्हणालो. त्या थांबल्या.

चौदा नावं पुरी केली, ताई. तू त्या सकाळी मला विचारलं होतंस, आपल्या डोळ्यांनी पाहिल्यास का. तेव्हा पाहिल्या नव्हत्या. मी चुकलो. आता पाहिल्या. सगळ्या उपस्थित आहेत.